मागच्या दाराजवळची खुर्ची

लग्नाच्या हॉलमध्ये शिरल्यावर लोक नवरा-नवरीकडे बघतात. विमलताई आधी मागचं दार बघायच्या. मग त्या दाराजवळची खुर्ची पकडून, पर्स मांडीवर घट्ट धरून बसायच्या. पहिल्या पंगतीवर डोळा असणार, असं मला वाटायचं. सोसायटीत मी तसं पसरवलंही होतं.

त्या माझ्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहायच्या. बँकेतून निवृत्त, नवरा वारलेला, एकुलती लेक सायली. घरात गाणं म्हणून नाही. गणपतीआधी नदीकाठी ढोलपथकांचा सराव सुरू झाला की यांच्या खिडक्या बंद. खालच्या मजल्यावरच्या साहेबांनी नवा स्पीकर आणला, तेव्हा या जिना उतरून गेल्या आणि म्हणाल्या, "अहो, स्पीकर आपला आहे, कान माझे आहेत. आपण आपली वस्तू आपल्याच घरात ठेवावी." सायलीला त्यांनी कधी अंगाई म्हटली नाही, पाढे म्हणून झोपवलं. पोरगी पुढे चार्टर्ड अकाउंटंट झाली, यात मला काडीचंही नवल वाटलं नाही.

तिचं लग्न ठरलं आणि एका दुपारी ताई मटार सोलायला माझ्याकडे आल्या. "सायलीच्या सासरी गोंधळ घालतात," असं त्यांनी सांगितलं, पण आवाज असा, की जणू दवाखान्यातून रिपोर्ट आलाय.

"मग? मजाच की! मी नवीन साडी काढते."

"काढ. मला बाहेर ओढून न्यायला पदर खोचता येईल अशी काढ."

मी हसले. त्या हसल्या नाहीत.

ताईंचं माहेर खडकवासल्याच्या बाजूचं. तेव्हा ते खेडं होतं. घरात लग्न झालं की देवीचा गोंधळ व्हायचा. झगा घातलेले गोंधळी यायचे, तुणतुणं वाजायचं आणि काठ्यांनी वाजवायचा तो जोडीचा संबळ.

"संबळ तापला की आईच्या अंगात यायचं," ताई म्हणाल्या. "केस सुटायचे. बायका पाया पडून प्रश्न विचारायच्या. मी लहान. वाटलं, आपणही विचारावं. म्हटलं, 'आये, मी कोन?' तिनं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, 'कुनाची पोर हाय ही? बाजूला घ्या तिला.'"

शेंग त्यांच्या हातात तशीच राहिली.

"सकाळी तीच आई माझी वेणी घालत होती. तिला काही आठवत नव्हतं. मला अजून आठवतंय."

"पण ते त्यांचं झालं, ताई. तुमचं काय?"

"संबळ ऐकला की माझे पाय माझे राहत नाहीत गं. आवाज बाहेर आहे तोवर पाहुणा. आत शिरला की तोच घरमालक." मग हळूच म्हणाल्या, "सायली समोर बसलेली असेल. मी तिला ओळखलं नाही तर?"

न जाण्याची सोय नव्हती. 'तू नसशील तर मीही बसणार नाही,' असं लेकीनं बजावलं होतं. शेवटी ताईंनी मला काम लावून दिलं. "शेजारी बसायचं. वेग वाढला की विचारायचं, मुलीचं नाव काय? नाही सांगितलं, तर मागच्या दारानं बाहेर. लोकांना सांग, बीपी वाढलं."

गोंधळ होता व्याह्यांच्या सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये, संध्याकाळी. धुराचा अलार्म वाजेल म्हणून सेक्रेटरींनी पेटती दिवटी नाकारली होती. देवी समईवर भागवणार होती. एरवी एवढ्या ऐवजावर मी महिनाभर लोकांना हसवलं असतं. त्या दिवशी मला एकही विनोद सुचला नाही.

गोंधळ्यांनी एकेका देवाला बोलावणं धाडलं. संबळ आधी सावकाश होता. ताईंनी माझं मनगट धरलं. मग वेग वाढला. जमिनीतून ठोके वर येऊ लागले. मी खाली पाहिलं, तर ताईंची टाच हलत होती. मग गुडघा. मग खांदे. डोळे मिटलेले. अंबाड्यातून एक काटा निसटून फरशीवर पडला.

"ताई, मुलीचं नाव काय?"

खांदे आणखी जोरात घुमू लागले.

समोर शालू नेसलेली सायली आमच्याकडेच बघत होती. तिचा चेहरा पांढरा पडला होता. मी मागच्या दाराकडे पाहिलं. दारात कुणीतरी पाण्याचे जार रचून ठेवले होते! मी ताईंच्या कानाशी जवळजवळ ओरडलेच, "विमलताई! नाव सांगा! मुलीचं नाव!"

त्यांचे ओठ हलले. आवाज आला नाही. संबळ आणखी चढला. आणि मग, डोळे न उघडता, टाच तशीच चालू ठेवून त्या म्हणाल्या,

"सायली. आता जरा गप्प बस. ऐकू दे."

परतताना रिक्षात मी सुजलेलं मनगट चोळत होते. ताई बाहेर बघत म्हणाल्या, "तू पहिल्यांदा विचारलंस तेव्हाच ऐकू आलं होतं. पण फार लांबून यावं लागलं गं." मग म्हणाल्या, "आईला तेवढं जमलं नसेल."

आता त्या बंगळुरूला असतात, नातवाला सांभाळायला. परवा फोन केला, तर मागे सायलीचा आवाज येत होता, "आई, पाढा म्हण ना, झोपत नाहीये तो." ताईंनी सतराचा पाढा सुरू केला. मी कान टवकारले. ठेका संबळाचा होता.

"झोपला का?" मी विचारलं.

"झोपतोय कुठला? पाय हलवतोय." त्यांनी पाढ्याची आणखी एक ओळ म्हटली. मग म्हणाल्या, "हलवू दे."