पाय बघायचा की हात

समजा, तुम्ही मैदानात उभे आहात. तुमच्या पुढ्यात भुसा भरलेलं एक चपटं पोतं आहे आणि त्यावर एका मुलीने पाय टेकवलाय. लांब, चेहरा ओळखू येणार नाही इतक्या लांब, दुसरी एक मुलगी आभाळाकडे बघत हात पसरून उभी आहे आणि चेंडू वरून तिच्याकडे येतोय. तुमचं काम एवढंच: तिकडे चेंडू झेलला गेला तो क्षण आधीचा, की इकडे पाय पोत्यावरून सुटला तो क्षण आधीचा, हे सांगायचं. चेंडू आधी असेल तर पळणारी बरोबर. पाय आधी असेल तर ती आऊट. रिप्ले कोणी दाखवणार नाही. आणि तुमचे दोन्ही डोळे एका वेळी एकाच दिशेला बघतात.

सुकेशनी मंगळवारपासून हीच कल्पना करत होती.

ती शिरपूर जैनच्या एका शाळेत खेळाची शिक्षिका. तिचा खेळ खो-खो. मुलींच्या जिल्हा बेसबॉल स्पर्धेत बेसवर उभे राहणाऱ्या पंचांचा ऐनवेळी पाय मुरगळला आणि मुख्य पंच मोहनसिंग सरांचा तिला फोन आला.

"मॅडम, शुक्रवारी वाशीमले या. बेसवर तुमी."

"सर, मले बेसबॉल येत नाही."

"इथी कोणाले येते? तुमी निदान वाचून तरी येसान."

सर हसले. सुकेशनीला हसू आलं नाही.

त्याला कारण होतं. अकरावीत असताना खो-खोच्या विभागीय सामन्यात, वेळ संपता संपता, तिने समोरच्या संघाची एक मुलगी खांबाजवळ सूर मारून टिपली होती. शिट्टी वाजली. खो-खोत पाठलाग करणाऱ्याने एकदा दिशा धरली की मागे फिरायचं नसतं, खांदा वळला तरी चूक. पंच म्हणाले, खांदा वळला, फाऊल. टिपलेली मुलगी पुन्हा खेळायला लागली आणि सामना गेला. नंतर पाण्याच्या टाकीजवळ तेच पंच तिला म्हणाले, "नव्हता वळला वाटतं बेटा तुझा खांदा. पण शिट्टी वाजली म्हणजे वाजली." त्यांनी ते समजूत काढायला सांगितलं होतं. सुकेशनी आजही भांडी घासता घासता मध्येच थांबते आणि तो खांदा किती वळला असेल ते स्वतःशी करून बघते.

म्हणून सरांना होकार दिल्यावर ती नियम वाचायला बसली ती फोनची बॅटरी उतरेपर्यंत.

तिचा नवरा संघदीप वीज उपकेंद्रात ऑपरेटर. त्याला ती एकेक नियम समजावून सांगायची, कारण दुसऱ्याला सांगता आलं तरच आपल्याला कळलंय असं तिला वाटे. चार बेस, चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर. फटका मारला की बॅट टाकायची आणि पहिल्या बेसकडे पळायचं. मग दुसरा, मग तिसरा, मग जिथून निघालो तिथे, म्हणजे होमला. एक फेरी पूर्ण झाली की एक रन. एका डावात तीन आऊट.

"अन् झेल गेला तर?" संघदीपने विचारलं.

"मारणारी आऊट. पण बेसवर जी दुसरी उभी हाय न, तिनं झेल व्हईपर्यंत बेसवर पाय ठेवाचा. आधी निंघाली असन तर वापस येऊन बेसले पाय लावाचा. झेल झाला की मंग पळाले मोकळी."

"म्हंजे इंटरलॉक हाय," संघदीप म्हणाला. "ही अट पुरी नाई झाली तर पुढचं बटन दबतच नाई. सोपं हाय."

"कागदावर सोपं हाय. मले ते डोयानं पाह्याचं हाय."

म्हणून गुरुवारी संध्याकाळी अंगणात बेसबॉल मांडला गेला. सोयाबीन वाळत घातलेली ताडपत्री एका बाजूला ओढली. पहिला बेस उलटं घमेलं, दुसरा जुनी गोणी, तिसरा बसायचा पाट, आणि होम नळाच्या ओट्यापाशी. चेंडू चिंध्यांचा. संघदीप फाटकाजवळ झेल घ्यायला. पळायला माणूस कमी पडला तेव्हा सासूबाई, रुख्मिणीबाई, पदर खोचून आल्या.

"आई, गुडघे दुखतीन."

"तुह्या नियमाईनं डोस्कं दुखून राह्यलं मायं, गुडघ्याचं काय घिऊन बसली? सांग, कुठी उभी राहू?"

पहिल्याच खेपेला त्या आऊट झाल्या आणि भांडायला लागल्या. "मी आऊट कायले? मले तर कोनं हात बी नाई लावला!"

"हात लावाची गरज नाई आई. तुमी वापस याच्या आंधी चेंडू पाटावर आला."

"वा! म्हंजे माह्या गैरहाजिरीत मले आऊट करतं का व?"

शेजारच्या भिंतीवरून कोणीतरी हसलं. सुकेशनी मात्र पाटाजवळ वाकून उभी होती. चेंडूकडे बघितलं की सासूबाईंचा पाय हुकत होता. पायाकडे बघितलं की चेंडू हुकत होता.

शेवटच्या खेपेला संघदीपच्या हातातून चेंडू उसळला, छातीवर आपटला, पुन्हा हातावर आला, आणि मग कुठे त्याने तो धरला. तोवर रुख्मिणीबाई ओट्यापाशी पोचून धापा टाकत होत्या.

"त्याच्या हाताले लागला तवाच निंघाली मी," त्या म्हणाल्या. "मंग त्यानं नाचोला. आता मी बरोबर का चूक?"

"चूक. धरला तवाच झेल व्हते, आई."

"असं लिवलं हाय का तुह्या पुस्तकात?"

"असनच ना."

हे बोलताना तिला आत कुठेतरी टोचलं. वाचून बघायला हवं, असं मनात आलंही. पण कुकरची शिट्टी झाली, सकाळची एसटी गाठायची होती, आणि तो प्रश्न अंगणातच राहिला.

शुक्रवारी वाशीमच्या मैदानावर ऊन कडक होतं. अंतिम सामना दोन शाळांचा. एक वाशीम शहरातली. दुसरी मानोऱ्याकडच्या तांड्यांवरच्या मुलींची. जिंकणारा संघ विभागीय स्पर्धेला अमरावतीला जाणार होता. होमच्या मागे मोहनसिंग सर, आणि बाकी तिन्ही बेसवर एकटी सुकेशनी. उभं कुठे राहायचं हे तिने सरांना विचारलं, तर ते म्हणाले, "जिथून दिसते तिथी."

तांड्याच्या संघातली रंजीता नावाची मुलगी तिच्या लगेच लक्षात आली. ती पळायची खो-खोसारखी, सारं अंग पुढे झोकून. सुरुवातीच्या एका डावात झेल गेला तेव्हा ती दुसऱ्या बेसवरून निघालेली होती. तिचे सर, बादल सर, ओरडत होते, "मांगं फिर व रंजीता! मांगं!" पण ती फिरलीच नाही. मागे फिरायचं म्हणजे चूक, हे तिच्या पायांना इतकं पक्कं माहीत होतं की डोक्याचं ऐकायला ते तयार नव्हते. ती आऊट झाली आणि ओठ चावत जाऊन बसली. सुकेशनीचा खांदा आपोआप ताठ झाला.

मग शेवटचा डाव आला. तांड्याचा संघ एका रनने मागे. एक आऊट झालेली. रंजीता तिसऱ्या बेसवर. ती होमला पोचली तर बरोबरी.

फटका उंच गेला. डाव्या बाजूला, खूप लांब. शहराच्या संघाची कप्तान सपना चेंडूखाली जाऊन उभी राहिली. "थांब! थांब!" बादल सर ओरडले. या वेळी रंजीता थांबली. पोत्यावर पाय, गुडघा वाकलेला, मान वळवून चेंडूकडे नजर.

सुकेशनीनेही चेंडूकडे बघितलं. तो सपनाच्या ग्लोव्हमध्ये पडला, उसळला, तिने दुसऱ्या हाताने तो थोपटला आणि छातीशी घट्ट धरला. सुकेशनीने खाली बघितलं. पोतं रिकामं होतं. रंजीता होमच्या वाटेवर अर्धं अंतर कापून गेली होती.

रंजीता होमला पोचली. तिच्या मुली ओरडल्या. पण सपनाने चेंडू तिसऱ्या बेसवर फेकला, तिथल्या मुलीने पोत्यावर पाय ठेवला आणि सुकेशनीकडे वळून म्हणाली, "मॅडम, लवकर सुटली ती!"

हा नियम सुकेशनीला पाठ होता. कोणी दाद मागितल्याशिवाय पंचाने बोलायचं नाही. मागितलं की बोलायचंच. झेल धरला तेव्हा पाय बेसवर नव्हता. तिने मूठ उंचावली. "आऊट!"

फटका मारणारी झेलबाद म्हणून दुसरी आऊट, रंजीता तिसरी. सामना संपला. शहराच्या मुली एकमेकींच्या गळ्यात पडल्या.

रंजीता तिच्याकडे चालत आली. तिने वाद घातला नाही. चूक कुठे झाली ते समजून घ्यावं अशा आवाजात ती म्हणाली, "मॅडम, तिच्या हाताले लागल्यावरच निंघाली मी. मंग तिनं नाचोला."

अंगणातलंच वाक्य. सुकेशनी मोहनसिंग सरांकडे जवळजवळ पळतच गेली.

"सर, पाय कवा सोडाचा? चेंडू हाताले पयल्यांदा लागला तवा, का पक्का धरला तवा?"

"पयल्यांदा लागला तवा. नाईतर फील्डर चेंडू हातावर नाचवत नाचवत आत पळत येईन, अन् रनर बिचारी बेसवरच चिपकून राहीन."

"मंग मी चुकली, सर."

सरांनी आवाज खाली आणला. "लागला तवा पोट्टीचा पाय कुठी व्हता?"

"पाय पाह्यलाच नाई मी. चेंडू पाहून राह्यली व्हती."

"मंग राहू द्या न. निर्णय देऊन झाला, पोट्ट्या नाचून राह्यल्या. आता कायले काढता?"

शिट्टी वाजली म्हणजे वाजली. सुकेशनीला पाण्याची ती टाकी दिसली.

"जे पाह्यलंच नाई, त्याच्यावर आऊट कशी देऊ, सर?"

मोहनसिंग सरांनी टोपी काढली, आत बघितलं, पुन्हा घातली. "जा. तुमीच सांगा."

सुकेशनी मैदानाच्या मध्यावर गेली. तिने दोन्ही हात आडवे पसरले. "सेफ! नियम लावताना माझी चूक झाली. रन धरला जाईल."

मग शहराच्या शाळेचे सर धावत आले. "आधी आऊट, मंग सेफ! पंच हाय का सोयाबीनचा भाव हाय, घडीघडी बदलाले?" प्रेक्षकांत हशा पिकला. कोणीतरी ओरडलं, "बाई, आणखी एक डाव घ्या, आमचा भी निकाल बदलून द्या!" सुकेशनी हात तसेच पसरून उभी राहिली.

बरोबरी झाली. पुढची मुलगी आऊट झाली, मग जादा डाव झाला. त्यात तांड्याचा संघ एका रनने जिंकला. बादल सरांनी येऊन तिला हात जोडले, तर तिला ते घेता येईनात. रंजीता लांबून हसली आणि मैत्रिणींच्या घोळक्यात दिसेनाशी झाली.

सुकेशनी पोतं उचलायला वाकली तेव्हा तिच्यासमोर बूट येऊन थांबले. सपना होती. डोळे लाल, पण आवाज सरळ.

"मॅडम, ती खरंच चेंडू हाताले लागल्यावर निंघाली व्हती का?"

हो म्हटलं असतं तर पोरीला घरी जाऊन झोप लागली असती. सुकेशनीला हो म्हणता आलं नाही.

"मले दिसलं नाही, बेटा. न दिसलेल्यावर आऊट देता येत नाही."

"मग आमचं काय चुकलं?"

सपना ग्लोव्ह काखेत मारून निघून गेली.

परतीच्या एसटीत सुकेशनी खिडकीच्या गजाला डोकं टेकवून बसली. आता तीही कोणाची तरी पाण्याच्या टाकीजवळची पंच झाली होती का? आपण रंजीताला वाचवलं, की आपला जुना खांदा सोडवून घेतला, हे तिला नीट कळेना. गाव यायच्या आत मोहनसिंग सरांचा मेसेज आला: सोमवारी मोठ्या मुलींचे सामने. बेसवर तुम्हीच.

घरी रुख्मिणीबाई दारातच उभ्या होत्या. "काय व, मी बरोबर व्हती न?"

"तुमी बरोबर व्हत्या, आई."

"पाह्य! म्या म्हनलंच व्हतं." मग सुनेचा चेहरा बघून त्या हळू झाल्या. "काय झालं?"

सुकेशनीने चपलाही काढल्या नाहीत. तिने भिंतीला लावलेला पाट उचलून अंगणात ठेवला. "पाय ठिवा, आई. अन् तुमी," ती संघदीपला म्हणाली, "फाटकाजवळ जा."

पाटाच्या बाजूला उभी राहिली, तर मान वळवावी लागत होती. ती मागे सरकली. अजून मागे, ताडपत्रीच्या कडेपर्यंत. मग तिरपी झाली. तिथून जवळ सासूबाईंची टाच दिसत होती आणि तिच्याच रेषेत, पलीकडे, संघदीपचे उंचावलेले हात. दोन्ही एका नजरेत.

तेवढ्यात संघदीप कंटाळून फाटकाजवळून हलला, विहिरीच्या बाजूला गेला आणि तिथून ओरडला, "फेकू का?"

टाच होती तिथेच होती. हात मात्र नजरेतून गेले होते.

मैदानावर झेल घेणाऱ्या मुली तिन्ही बाजूंना पसरलेल्या असतात. चेंडू कोणाकडे जाणार हे फटका बसेपर्यंत कोणालाच माहीत नसतं, आणि बसल्यावर तो पडायला कितीसा वेळ लागतो? तेवढ्यात धावत जाऊन, टाच आणि हात एका रेषेत येतील अशी जागा पंचाने शोधायची तरी कशी?