बाईचा तारांकित प्रश्न

डिसेंबर आला की आमच्या नागपुरात दुभाजकांना पट्टे मारतात, खड्ड्यांत गिट्टी पडते आणि मुंबईहून सरकार येतं. हिवाळी अधिवेशन! अर्धे रस्ते बंद, चौकाचौकात बांबूचे कठडे, कठड्यांपाशी अडवलेले मोर्चे, आणि आत सावजी मटण हाणून सुस्तावलेले आमदार. टेलिफोन खात्यातली अख्खी नोकरी मी याच शहरात केली, पण अधिवेशनाशी माझा संबंध एवढाच, की ऑटो कुठून वळवायचा. आमदारांचा मला कधी राग आला नाही. रागासाठी समोरच्याला थोडी तरी किंमत द्यावी लागते, आणि ती द्यावी असा एकही माणूस मला तिथे दिसला नव्हता.

पण माझ्या बाईचा प्रश्न सभागृहात लागला, आणि मला तिथे जाऊन बसावं लागलं.

बाई म्हणजे माझी मोठी बहीण. ती आमच्या तालुक्याच्या गावी राहते, एकटी. तिच्या दोन्ही किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा एसटीनं नागपूरला यायचं, सरकारी दवाखान्यात डायलिसिस करायचं, माझ्याकडे येऊन भिंतीला टेकून बसायचं आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जायचं. चेहरा पार चुन्यासारखा झालेला असायचा. राहा म्हटलं तर ऐकायची नाही. "माह्या बकऱ्या काय तू पाहशीन?" बकऱ्यांपुढे माझं काही चालत नसे.

यातली खरी चीड आणणारी गोष्ट अशी, की तिच्याच गावच्या सरकारी रुग्णालयात डायलिसिसचं कोरं यंत्र पडून होतं. खोक्यात. वर चादर. फीत कापून झाली होती, पेढे वाटून झाले होते. पण डायलिसिसला अगदी शुद्ध पाणी लागतं. ते करणारी यंत्रणा कोणी घेतलीच नव्हती आणि यंत्र चालवणारा माणूसही नेमला नव्हता. सरकारी तिजोरीतून यंत्र घ्यायचं आणि पाण्याचं विसरायचं! घरात मिक्सर आणताना आम्ही आधी प्लग बघतो. यांना तेवढीही अक्कल नाही.

आणि ती फीत कापली कोणी? आमच्या आमदारानंच. तेव्हा तो सत्तेत होता. मग सरकार बदललं, हा विरोधी बाकावर गेला, आणि एके दिवशी त्याला साक्षात्कार झाला, की अरे, यंत्र तर बंद आहे! लगेच त्यानं तारांकित प्रश्न टाकला. म्हणजे असा प्रश्न, की मंत्र्यानं त्याचं सभागृहात उभं राहून उत्तर द्यायचं आणि आमदारानं त्याला वर चार उलटे प्रश्न विचारायचे. अट एकच: नंबर पुकारला की विचारणारा जागेवर हवा. नसला तर प्रश्न बाद, आणि मंत्र्याचं छापील उत्तर तेच खरं.

प्रश्न लागल्याबरोबर तालुक्यात धावपळ झाली. खोकं फुटलं, यंत्र खोलीत आलं, आणि बाईला बोलावणं आलं. त्या आठवड्यात ती माझ्याकडे आली ती हसतच.

"चालू झालं वं! मले झोपोलं, फोटो काढला."

"सुई टोचली?"

"नाही. नुसती नळी चिकटोली हातावर, पट्टीनं. पन लाइट लागले होते त्याले."

"मग आज इथं काहून आली?"

"थे म्हने, फोटो सरकारले गेला का मंग चालू होते."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी तिला घेऊन थेट आमदार निवासात गेले. साहेब पलंगावर लोड घेऊन संत्री सोलत बसले होते. मी फोटोचं सगळं सांगितलं. अहाहा, काय खुलला तो माणूस! साल तशीच हातात ठेवून उठला.

"दाखवू द्या मंत्र्याले फोटो! मी उभा राहीन न् म्हनीन, ज्या माउलीचा फोटो आहे, थे वर गॅलरीत बसून आहे. सांगा, सुई कुठं टोचली? बाई, तुम्ही फक्त बसून राहा. पास मी देतो. मंत्र्याले पळता भुई थोडी करतो की नाही, पाहाच."

बाईनं त्याला दोन्ही हात जोडले. मला खोटं कशाला बोलायचं, त्या दिवशी मलाही वाटलं की याच्या हातून एक तरी धड काम होईल.

प्रश्नाच्या दिवशी बाई नवी सुती साडी नेसली. विधानभवनापाशी पोहोचलो तर पायऱ्यांवर विरोधकांचं रोजचं नाटक चालू होतं. रोज काहीतरी गळ्यात घालून ओरडायचं: कधी कांदे, कधी कापूस, कधी संत्री. त्या दिवशी आरोग्याचा नंबर होता. आमचे साहेब स्ट्रेचरवर आडवे, हाताला सलाईनची नळी चिकटवलेली, बाटली बांबूला टांगलेली, आणि बाकीचे भोवती बोंबलत होते, "आरोग्यसेवा आजारी, सरकार बेजबाबदारी!" यमक जुळलं की यांचं पोट भरतं.

बाई घाबरली. "अवं, काय झालं भाऊले?"

साहेबांनी एक डोळा उघडला. "व्हा वर, माउली. आलोच मी."

गॅलरीत फोन नाही, पिशवी नाही, बोलायचं नाही, पाय पसरायचे नाहीत. बाईचे पाय सुजलेले होते, तरी ती शाळेत बसावं तशी ताठ बसली. खाली काही आमदार फोन चाळत होते, एक जण डुलक्या काढत होता, आणि विरोधकांची बाकं जवळजवळ रिकामी. मी दाराकडे बघत होते. आता येईल, मग येईल. आमच्या आधीचा प्रश्न झटकन संपला, कारण कोणाला त्यात रस नव्हता. मग अध्यक्षांनी आमचा नंबर पुकारला, आमदाराचं नाव घेतलं.

कोणी उठलं नाही.

अध्यक्षांनी पुन्हा नाव घेतलं. आणि माझ्या शेजारी बाई उभी राहिली.

"हाव जी! मी हाओ इथं!"

सगळं सभागृह मान वर करून बघायला लागलं. मग हशा. मंत्रीसुद्धा हसला, हातातला कागद तोंडापुढे धरून. "गॅलरीत शांतता राखा," अध्यक्ष म्हणाले आणि पुढच्या नंबरावर गेले. महिला पोलिसांनी आम्हाला दंडाला धरून बाहेर काढलं. बाई जिन्यात मला विचारत होती, "मी होतो ना वं तिथं? मंग काहून नाही विचारलं?" मला रडू आलं, आणि ते त्या हसणाऱ्या माणसांच्या किळसेनं आलं होतं.

साहेब अजून स्ट्रेचरवरच होते. एका चॅनेलचा कॅमेरा उशिरा आला म्हणून आजारपण पहिल्यापासून पुन्हा चाललं होतं.

"पुकारला का?" ते उठून बसले. "अरे यार! इतक्या लवकर? बरं, टेन्शन नका घेऊ. मी बाइट देतो ना जोरदार."

छापील उत्तर मी मागून घेतलं. यंत्र वापराविना पडून आहे, हे खरे आहे काय? 'हे खरे नाही. यंत्र कार्यान्वित असून रुग्ण लाभ घेत आहेत.' विलंबाची कारणे काय? 'प्रश्न उद्भवत नाही.' आता लाभ घेणारा रुग्ण कोण, तर माझी बाई. पट्टीनं नळी चिकटवलेली.

सरकार मुंबईला परत गेलं. काही आठवड्यांनी बाई नागपूरच्या दवाखान्यात आली तर तिचा नंबर काढून टाकलेला. जिथे तालुक्यात सोय आहे तिथल्या रुग्णांना तिकडेच पाठवा, असा वरून आदेश आला होता. मी दवाखान्याच्या अधिकाऱ्यापुढे टेबल आपटलं, तिचा हात दाखवला, गावच्या अजून बंदच असलेल्या यंत्राचा फोटो दाखवला. तो अधिकारी वाईट नव्हता. पण म्हणाला, "ताई, मंत्र्यांनी सभागृहात सांगितलंय. कोणी हरकतही घेतलेली नाही. मी खालचा माणूस, ते खोटं आहे असं कसं लिहू?"

मी आमदाराला शोधत गेले. एका कार्यकर्त्याच्या शेतावर हुरडा पार्टी चालली होती. शेकोटी, चटण्या, भोवती पंचवीस हुजरे. मी सगळ्यांसमोर विचारलं, "माझ्या बहिणीचा नंबर गेला तुमच्यामुळे. लाज वाटते का काही?"

चेहऱ्यावरची माशी हलली नाही. गरम हुरडा तळहातावर चोळत म्हणाला, "मावशी, मी तर आवाज उठवला! व्हिडिओ नाही पाहिला का? लाखो लोकांनी पाहिला." फोन काढून दाखवायलाही लागला. "पुढच्या अधिवेशनात पुन्हा प्रश्न लावतो ना मुंबईले. हुरडा घ्या."

"घाला चुलीत तुमचा हुरडा," मी म्हणाले आणि निघाले. मागे कोणीतरी खिदळलं. फालतू माणसं. यांच्या तोंडी लागले याचीच मला शिसारी येत होती.

मग एक वाट निघाली, ती अशी. गावच्या डॉक्टरनं चिठ्ठी दिली की रुग्ण अत्यवस्थ आहे, तर नागपूरवाल्यांना घ्यावंच लागतं. पण अत्यवस्थ म्हणजे दम लागलेला हवा, छातीत पाणी भरलेलं हवं. नुसती सूज चालत नाही. डायलिसिस झालं की बाई चार दिवस बरी असते, आणि पुढचं डायलिसिस मिळवायला तिला पुन्हा मरणाच्या दारात जावं लागतं. परवा सकाळी मी फोन केला तेव्हा ती गावच्या रुग्णालयात त्या यंत्राच्या खोलीबाहेर बाकावर बसली होती. डॉक्टर तपासून गेला होता.

"काय म्हणाला?"

"म्हने, आज चिठ्ठी नाही देता येत. अजून बोलता येऊन राहिलं म्हने तुमाले." ती हळू बोलत होती, श्वास राखून. "तू ठेव फोन. मी जरा वेळ जिना चढून-उतरून पाहतो."