वार बाळाची हाय

आष्ट्यात आशाताई म्हणून काम करणारी आम्रपाली घरात आली, की आधी माणसाच्या चेहऱ्याकडं बघते, मग चहाच्या कपाकडं. मला ही सवय पूर्वी आगाऊपणाची वाटायची.

चातुर्मासात माझ्या सुनेनं, ब्राह्मीनं, सूर्यास्तानंतर पाणीही न घेण्याचा नेम धरला. सातवा महिना चालू होता. गरोदर बाईनं झेपेल तेवढंच करावं, हे मला का ठाऊक नव्हतं? पण आमच्या जैन मंदिरात बायकांपुढं मी सुनेचं कौतुक करून बसले. मग त्या कौतुकाला जागायला ती बिचारी दिवसाही पाणी कमीच प्यायला लागली. जळजळ लपवली, थंडी वाजली तरी पांघरूण ओढून गप्प.

आम्रपाली वजन घ्यायला आली आणि तिनं ब्राह्मीच्या कपाळाला हात लावला.

"लघवीला आग हुतीया न्हवं? कवापासनं?"

ब्राह्मीनं माझ्याकडं पाहिलं. मी फणकारले, "आमच्या नेमात लुडबूड नको."

"आवं काकू, नेम तुमचा हाय, वार बाळाची हाय. बाळाचं खाणंपिणं वारेतनंच जातंय; आईच्या अंगातलं जंतू रक्तातनं तिथं पोचलं, तर ते अडतंय. दिवस भरायच्या आत कळा सुरू झाल्या, तर मंदिरातल्या बायका येणार हायत का सोडवायला?"

असं तोंडावर मला कुणी बोललं नव्हतं. राग आला, खोटं कशाला सांगू? पण तिनं तोवर गाडी बोलावलीही होती. सांगलीच्या दवाखान्यात कळलं, जंतू मूत्रपिंडापर्यंत गेले होते, पोट मधूनमधून आवळत होतं. सलाईन, इंजेक्शनं, पाच दिवस. आम्रपाली आपली कामं उरकून रोज एसटीनं यायची, ब्राह्मीला पेल्यानं पाणी पाजायची. एके दिवशी सूर्य मावळल्यावर तो पेला मी स्वतः ब्राह्मीच्या ओठांना लावला.

दिवस पूर्ण भरून मुलगी झाली, पावणेतीन किलोची. वार तपासून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "छान आहे. वेळेवर आणलंत." मी सांगितलं, "मी नाही आणलं."

बारशाला कानात नाव सांगायचा मान आत्याचा. माझ्या मुलाला, धवलला, सख्खी बहीण नाही, त्यामुळं भावकीतल्या चारपाचजणी नटूनथटून तयार होत्या. आम्रपाली दाराशी चपलांजवळ बसली होती. मी तिचा हात धरून तिला पाळण्यापाशी आणलं.

"काकू, लोक काय म्हणतील?" ती पुटपुटली.

मागून कुणीतरी विचारलंच, "अगं गुणमाला, आत्या कुठाय?"

"ही काय," मी म्हणाले, आणि नात तिच्या मांडीवर दिली.