गणपतीचे खरे दिवस

नव्या मॅनेजर मॅडमनी आमचे गणपतीच्या रजेचे सगळे अर्ज एका फटक्यात नामंजूर केले. अंधेरीच्या आमच्या कारखान्यात औषधांची खोकी छापली जातात आणि मशीनवरची निम्म्याहून जास्त माणसं कोकणातली. कुठलं मशीन कधी चालवायचं हे ठरवायचं काम माझं. मीही कोकणातलाच. गावच्या घरात गणपती एकच, तीन भावांत वर्षा-वर्षाची पाळी, आणि यंदाची पाळी माझी. ज्याची पाळी त्यानेच मूर्ती आणायची, त्यानेच पूजेला बसायचं. मी गेलो नाही तर भाऊ निभावून नेतील, पण आई पुढची पाळी येईपर्यंत ते विसरणार नाही.

मीटिंगमध्ये मी विषय काढला. "मॅडम, असं आहे की आपल्याकडे पूर्वीपासून..."

"पूर्वीचं राहू द्या. माणसं नसताना मशीन कोण चालवणार, ते सांगा."

"तेच सांगतोय. कोकणात गणपती म्हणजे..."

"सणाची माहिती मला आहे. पुढचा विषय."

त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर निदान कुणी माझ्या बाजूने बोललं असतं. सगळ्यांनी पुढच्या विषयाचे कागद उघडले.

मालाडला घरी येऊन बायकोला हे सांगितलं. ती कणीक मळत होती. "तुम्ही दुधाची पिशवी फुटली हे सांगतानासुद्धा आधी डेअरीत गर्दी किती होती ते सांगता," ती म्हणाली. "त्या बाईंना दुसरी कामं आहेत."

"पार्श्वभूमी नको का सांगायला?"

"विचारली तर सांगा."

मला राग आला, पण जेवताना विचार केला. मॅडमना आकडे लागतात आणि आकडे तर मलाही लागतात. मग आमचं जुळत का नाही? दुसऱ्या दिवशी सगळ्या अर्जांतले दिवस मांडून पाहिले आणि चूक सापडली. सगळ्यांनी दहा दहा दिवस मागितले होते, तेही एकाच तारखेपासून. मीसुद्धा. आमच्याकडे ही पद्धतच आहे. साहेब कापणारच, म्हणून आधीच वाढवून मागायचं. पण कुणाकडे गणपती दीड दिवसाचा, कुणाकडे पाच, कुणाचा गौरींबरोबर जातो. खऱ्या दिवसांची बेरीज मागितलेल्या दिवसांच्या निम्म्याच्या आसपासच येत होती. मॅडमच्या गावाकडे, नागपूरला, त्यांच्या घरचा गणपती अनंत चतुर्दशीपर्यंत बसतो. त्यांना दहा दिवस खरेच वाटले. अर्ज वाचून कुणीही जे केलं असतं तेच त्यांनी केलं होतं.

आणखी एक गोष्ट वर कुणाला माहीत नव्हती. मनोरीचा आमचा एक ख्रिस्ती मशीनवाला दर गणपतीत आमच्या वाट्याची मशीनवरची पाळी काढतो आणि नाताळात आम्ही त्याची. हे टपरीवर चहा पिताना ठरतं. कुठल्याच साहेबाला ते सांगितलेलं नाही, कारण कुणी विचारलं नाही.

मॅडम सकाळी सगळ्यांच्या आधी येतात आणि खिडकीशी उभ्या राहून चहा घेतात. मी तेव्हाच गेलो. वाक्य घरून ठरवून नेलं होतं.

"मॅडम, गणपतीत एकही ऑर्डर चुकणार नाही. दोन मशीन पूर्ण वेळ चालतील, तिसरं पाच दिवस बंद राहील. कसं, ते ऐकणार का?"

त्यांनी कप ठेवला. "बसा."

मी फळ्यावर कोण कधी जाणार, कधी येणार ते लिहिलं. मनोरीवाल्याचंही सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही.

"मग अर्जात सगळ्यांचे दहा दिवस कशाला?"

"कापले जातात म्हणून, मॅडम."

"मी आजवर कुणाचा एक दिवस कापलेला नाही."

"नाही. तुम्ही पूर्णच नामंजूर केलेत."

बोलून गेलो आणि वाटलं, वाट लागली. त्यांच्या ओठांच्या कडेला जरा हसू आलं. "तुमचे खरे किती?"

"सात. एक आधी तयारीला, पाच गणपतीचे, एक परतायला."

"सगळ्यांचे असेच खरे आणा. उद्या संध्याकाळपर्यंत. पण एक जण जरी उशिरा आला, तरी पुढच्या वर्षी हे बोलणं होणार नाही."

खरी कसोटी पुढे होती. टपरीवर कुणी ऐकेना.

"आणि तिने साताचे चार केले तर?" एकाने विचारलं. "तू सांग तुझ्या आवशीक."

"आईला मीच सांगेन," मी म्हणालो. "पहिला अर्ज माझा जाईल. माझा कापला तर तुम्ही पंधरा लिहा."

माझा अर्ज सकाळी गेला आणि दुपारी जसाच्या तसा मंजूर होऊन आला. तो टपरीवर हातोहात फिरला. एकाने सही खरी आहे ना, म्हणून उजेडात धरून पाहिली. संध्याकाळपर्यंत बाकीचे अर्जही गेले. दीड दिवसवाल्याने तीनच दिवस लिहिले, त्याचा मला फार अभिमान वाटला.

गावी गणपतीच्या तिसऱ्या दिवशी आरती आटपून अंगणात बसलो होतो, तेव्हा मनोरीवाल्याचा फोन आला.

"मशीन झकास चाललंय, काळजी नको करू. काल मॅडम स्वतः खाली आली होती ना."

"काय म्हणाली?"

"विचारलं, नाताळात तुम्हाला किती दिवस हवेत, आत्ताच सांगून ठेवा."

"मग?"

"खरं सांगितलं रे. चार." मग त्याला शंका आली. "जास्त सांगायला पाहिजे होते काय?"

"नको," मी म्हणालो. "चारचे चार मिळतील."