प्रवाळांसाठी चांगलं घर

रायपूरच्या शंकर नगरातले आमचे शेजारी मंत्रालयात साहेब आहेत. नव्या रायपूरला क्वार्टर मिळालं, तेव्हा काचेच्या टाकीतली जिवंत प्रवाळं चांगल्या घरी द्यायची, असं त्यांनी ठरवलं. मागायला येईल त्याची ते उलटतपासणी घेत. मलाही विचारलं, "लाइट गेली त काय कराल, भाऊ?"

"मेणबत्ती लावीन."

"अन् पंप? जीव आहेत ते!"

मी नापास झालो. सामान बांधता बांधता वहिनी म्हणाल्या, "माह्या बाबांनी लग्नाआधी एवढी चौकशी केली असती त!"

शेवटी दातांच्या एका डॉक्टरांकडे इन्व्हर्टर निघाला आणि टाकी त्यांच्या दवाखान्यात गेली. साहेब अधूनमधून ती पाहायला येत. पेशंटशिवाय कोणी बसायचं नाही, असं कंपाउंडरने सांगितल्यावर परवा त्यांनी हट्टाने एक चांगली दाढ काढून घेतली.