सपाट मैदानाला दहापैकी किती

मैदान बडोद्याच्या तरसालीत, एका सोसायटीच्या मागे. त्याची तपासणी करायला मला बोलावले ते सोसायटीच्या सेक्रेटरींनी, माझ्या मुलीने नव्हे. मुलगी परदेशातून नवऱ्याबरोबर परत आली ती एक खेळ शिकून. लोखंडी खांबाला टोपली, टोपलीवर साखळ्या लोंबत्या. लांबून प्लास्टिकची चकती फेकायची, पडेल तिथून पुन्हा फेकायची आणि टोपलीत घालायची. कमी फेकींत जो घालील तो जिंकला. असल्या नऊ टोपल्या तिने मकरपुऱ्याच्या वेल्डरकडून करून घेतल्या. साखळ्या झोपाळ्याच्या लावल्या, कारण बडोद्यात झोपाळ्याच्या साखळ्या मागाल तेवढ्या मिळतात.

सोसायटीने तिला महिनाभर मैदान दिले होते. नंतर एका जाणकाराने पाहून दहापैकी गुण द्यायचे. बरे गुण पडले तर टोपल्या राहणार, नाहीतर लग्नांसाठी पार्टी प्लॉट होणार. जाणकार म्हणून माझे नाव निघाले. चाळीस वर्षे मी शाळांतून व्यायाम शिकवला, मल्लखांबाच्या स्पर्धांना परीक्षक म्हणून बसलो आणि कुणाला उगाच अर्धा गुण दिला नाही.

"अहो, पण ती माझी मुलगी आहे," मी फोनवर म्हटले.

"एटले ज तो, साहेब!" सेक्रेटरी म्हणाले. म्हणूनच तर.

आमचे आजोबा संस्थानच्या फौजेत घोड्यांच्या पागेवर होते. घरच्या माणसाला झुकते माप दिले की पागा बिघडते, असे ते म्हणत. वडिलांनी ते पाळले, मीही पाळले. मुलगी तेरा वर्षांची असताना दोरीच्या मल्लखांबाच्या स्पर्धेत उतरली आणि परीक्षक मीच होतो. तिचा संच सगळ्यांत स्वच्छ झाला. मी साडेनऊ लिहिले, मग खोडून साडेआठ केले. अर्ध्या गुणाने तिचा दुसरा नंबर आला. पुढल्या वर्षी तिने नाव दिले नाही. अभ्यास आहे म्हणाली. मला ते बरेच वाटले.

सकाळी सात वाजता मी टेप, वही, पेन्सिल आणि खोडरबर घेऊन मैदानावर गेलो. मुलगी फाटकाशी उभी होती.

"बाबा, चहा घेता ने आधी?"

"तपासणीनंतर," मी म्हटले. ती हसली आणि बाजूला झाली.

मैदान तळहातासारखे सपाट. एका कोपऱ्यात गांडा बावळ, म्हणजे वेडी बाभूळ, बाकी झाड म्हणून नाही. पहिल्यांदा मला वाटले, यात खेळ तो कसला? चढ नाही, अडथळा नाही. आमच्या आखाड्यात नव्या पोराला महिनाभर नुसती माती उकरायला लावत. सोपे ते फुकटचे, अशी माझी समजूत. मी दोषच शोधायला निघालो होतो, हे कबूल करतो.

पहिली टोपली माझ्या साठ पावलांवर. प्रत्येक टोपलीपाशी उभे राहिले की पुढची दिसते, विचारत बसावे लागत नाही. चकती कुठेही पडली तरी सापडते. चौथी टोपली सकाळी फिरणाऱ्यांच्या वाटेवर येईल असे मी वहीत लिहिले. मग जवळ जाऊन पाहिले तर तिचा जुना खड्डा बुजवलेला आणि टोपली वीस पावले आत सरकवलेली. मी ती ओळ खोडली. दुपारी पश्चिमेचा वारा लागेल, असे लिहिणार तोच पाटी दिसली, 'अकरानंतर खेळू नये.' तीही ओळ गेली.

मग मी स्वतः फेकून पाहिले. चकती डावीकडे गेली. पुन्हा फेकली, पुन्हा डावीकडे. नाचता येईना अंगण वाकडे म्हणायची सोय नव्हती, अंगण सरळच होते. माझ्या पुढे सत्तरीच्या एक बाई खेळत होत्या, साडी खोचून, पायात कॅनव्हासचे बूट. त्यांची पहिलीच वेळ. पहिल्या टोपलीला त्यांनी अकरा फेकी घेतल्या आणि प्रत्येक फेकीला स्वतःलाच हसल्या. नवव्या टोपलीला पाच. साखळ्या खळखळल्या तेव्हा त्यांनी सगळ्या मैदानाकडे वळून पाहिले, जणू लोक जमले आहेत. मला नवव्या टोपलीला आठ लागल्या.

बाकावर बसून मी कागद भरला. पेन्सिलीने दहा लिहिले. नवशिक्यासाठी यात सुधारायचे काही नव्हते, आणि चाळीस वर्षांत असे मी कधी म्हटलेले नव्हते. मग आजोबा आठवले. लोक म्हणतील, बापच तो. मी दहा रबराने खोडले, आठ लिहिले आणि कारणाच्या रकान्यात 'सावली नाही' असे घातले. सावली नसणारच, मैदान होते ते.

सेक्रेटरींनी कागद घेतला. आठाकडे त्यांनी पाहिलेसुद्धा नाही. कागद उन्हात धरला, डोळे बारीक केले आणि म्हणाले, "दस! सरस!"

"आठ आहेत," मी म्हटले.

"आंकडो नहीं जोवानो, साहेब. बेने पहेलेथी कह्युं छे, भूंसेलो होय ए वांचजो."

आकडा बघायचा नाही, खोडलेला असेल तो वाचायचा. मुलीने त्यांना आधीच सांगून ठेवले होते. माझे कान तापले. शरम वाटली, आणि तिच्या धोरणीपणाचा अभिमानही वाटला, दोन्ही एकदमच. सेक्रेटरींच्या खिशातले पेन मागून मी आठावर काट मारली आणि शाईने दहा लिहिले.

मुलगी चहा घेऊन आली. सेक्रेटरी टोपल्यांकडे गेल्यावर मी विचारले, "तुला कधी कळलं?"

"मल्लखांबाच्या वेळी. बक्षिसानंतर तुमचा कागद टेबलावरच होता. साडेनऊ पुसले होते, पण दिसत होते."

"बोलली नाहीस."

"काय बोलायचं? मला कळलं ने, साडेनऊ होते ते."

चहा तिने माझ्या आवडीचा, कमी साखरेचा केला होता. मी दोन घोट घेतले. एवढे कळले होते तर सोडायचे कारण उरत नव्हते, म्हणून मी विचारलेच.

"मग खेळ का सोडलास?"

तिने माझ्या वहीवरचे खोडरबर उचलले, बोटांत फिरवले आणि परत ठेवले.

"दरवर्षी तुम्हाला खोडावं लागलं असतं, बाबा."