लोहपात्राचा अव्हेर

बी. ए.ला मी मराठी हा मुख्य विषय घेतला, तेव्हा आमच्या गावी, जळोचीत, तात्यांनी, म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाने, एवढंच विचारलं, "लिवायला शिकायला पुण्याला जायाचं? मग हितल्या मास्तरानं तुला सात वर्सं काय शिकवलं?"

मी हसलो. अडाण्याकडे बघून शिकलेला हसतो, तसा. ते हसू आठवलं की आजही स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

पुण्याच्या कॉलेजात लेखन, शैली आणि साहित्यशास्त्र शिकवायला एकच प्राध्यापक होते. बंद गळ्याचा कोट, काळी टोपी, आणि काखेत पिवळ्या पडलेल्या वह्या. त्या वह्यांतून ते वाचायचे आणि आम्ही उतरवून घ्यायचो. एकदा त्यांच्या वह्या वर्गापर्यंत पोचवायचा मान मला मिळाला. वाटेत मी एक उघडून पाहिली, तर समासात लाल शाईने लिहिलं होतं, 'येथे विनोद.' त्या दिवशी बरोबर त्या ठिकाणी त्यांनी विनोद केला आणि बरोबर त्या ठिकाणी आम्ही हसलो. मीही हसलो. मला तर तो आधीच माहीत होता.

'सर्वांना कळतो तो शब्द नव्हे, ती नुसती हाक' हे त्यांचं आवडतं वाक्य. माणसाला हाक मारता यावी म्हणूनच भाषा जन्मली असावी, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. उपमा, रूपक, उत्प्रेक्षा यांच्या व्याख्या मला झोपेत विचारल्या तरी येत. सरांनी मात्र आयुष्यात असं एकही पत्र लिहिलं नसेल, की जे वाचून कुणी उठून काही काम केलं.

'खेड्यातील पहाट' या निबंधाला मला पहिला नंबर मिळाला. त्यात मी दवबिंदूंचे मोती ओवले होते आणि शेतात जाणाऱ्या बाईला 'कृषीवलललना' म्हटलं होतं. माझी आई त्या वेळी वांगी तोडत असायची. देठांच्या काट्यांनी तिची बोटं फुटलेली असायची, भाकरीच्या पिठात ती झोंबायची. निबंधात तिचं एक बोटही नव्हतं. सरांनी तो वर्गात वाचून दाखवला आणि म्हणाले, "ग्रामीण भागातून आलेला असूनही भाषा किती सोवळी आहे पाहा!" मी तो दिवसभर मिरवत फिरलो.

पदवी मिळाल्यावर बारामतीत शेतकऱ्यांसाठी पत्रकं काढणाऱ्या एका कचेरीत मला लेखकाची जागा मिळाली. तिथले साहेब फाईल बंद करण्यात पटाईत होते. त्यांनी शेत पाहिलं असेल ते मोटारीच्या काचेतूनच. पहिलंच काम आलं ते टोमॅटोवरच्या करपा रोगाचं. मोरचूद आणि चुना पाण्यात कालवून फवारायचा, ती कृती इंग्रजीतून मराठीत आणायची होती. मी जीव ओतला. दोन्ही द्रावणं वेगवेगळी करून मग एकत्र ओतायची, याचं मी केलं, 'उभय द्रावणे पृथक् सिद्ध करून तदनंतर त्यांचे संमीलन करावे.' लोखंडाचं भांडं वापरू नये, याचं केलं, 'लोहपात्राचा सर्वथा अव्हेर करावा.'

साहेबांनी ते मोठ्याने वाचलं. "वा! वजन आहे भाषेला," ते म्हणाले. पत्रक छापून इंदापूर तालुक्यात गावोगाव गेलं.

महिन्याभराने इंदापूरकडून तक्रार आली. कालव्याखालच्या एका गावात टोमॅटोचे फड करपून गेले होते. लोक म्हणत होते, कचेरीनं सांगितलं तसंच केलं. साहेबांनी मला पाठवलं. "अज्ञान असणार त्यांचं," ते म्हणाले. एस.टी.त बसताना माझंही मत तेच होतं.

गावात मला एका बाईंकडे नेलं. पन्नाशीच्या असतील. मळा त्याच बघत. चौथीपर्यंत शिकलेल्या, त्यामुळे पत्रक सगळ्यांना वाचून दाखवायचं काम त्यांच्याकडे आलेलं. त्यांनी मला आधी फड दाखवला. झाडं उभी होती, पण पानं जाळल्यासारखी तपकिरी, आणि फळांवर काळे डाग. मग त्यांनी ओसरीवर गुळाची मोठी लोखंडी काहील दाखवली. आतून ती तांबडी झाली होती.

"ह्यात कालवलं?" मी ओरडलोच. "पत्रकात स्पष्ट लिहिलंय, लोखंडाचं भांडं वापरू नका म्हणून!"

त्यांनी चोळीतून घडी केलेलं पत्रक काढलं आणि बोट ठेवलं. "हितं वाचा."

मी वाचलं, "लोहपात्राचा सर्वथा अव्हेर करावा."

"म्हंजी आहेरच न्हवं?" त्या म्हणाल्या. "लगनात करत्यात तसा. आमाला वाटलं, लोखंडाच्या भांड्याला मान द्यायचा. म्हनून गावातली सगळ्यात मोठी काहील आनली. धुतली, हळद लावली."

पाठीमागे दोन-चार माणसं उभी होती. कुणी हसलं नाही. मला मात्र हसू येत होतं, आणि सोबत रागही. इतकी साधी गोष्ट कळू नये? मी शिक्षकाच्या थाटात म्हणालो, "बाई, अव्हेर म्हणजे त्याग. मोरचुदातलं तांबं लोखंडाला चिकटतं आणि पाण्यात औषध उरत नाही."

"मंग त्येच लिवायचं हुतं!" त्या म्हणाल्या. "तांबं लोखंडाला चिकाटतंय, म्हनून मडकं घ्या. एवढं लिवायला काय झालं हुतं? कुनी लिवलं ह्ये?"

मी म्हणालो, "मी."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. पण मुक्या जनावराकडे बघावं, तशी ती नजर होती.

"तुमची आई शेतकरीन हाय का?"

"व्हय," मी म्हणालो. चार वर्षं पुण्यात जे तोंडातून बाहेर पडू दिलं नव्हतं, ते आपसूक निघालं.

"तिला वाचून दावलं का?"

नव्हतं दाखवलं. मनातही आलं नव्हतं.

मी तिथेच बसलो आणि पाठकोऱ्या कागदावर पुन्हा लिहायला घेतलं. त्या शेजारी शेंगा फोडत बसल्या. मी 'द्रावण' लिहिलं, त्या म्हणाल्या, "पानी म्हना." मी 'मिश्रण' लिहिलं, तेही काढायला लावलं. शेवटी उरलं ते असं: मोरचूद एका मडक्यात भिजवा. चुना दुसऱ्या मडक्यात. दोन्ही पाणी तिसऱ्यात एकदम ओता. लोखंडाचं भांडं घेऊ नका, औषध भांड्यालाच चिकटतं. फवारायच्या आधी घासलेली सुरी बुडवून बघा. सुरी तांबडी झाली तर चुना कमी आहे, आणखी घाला.

साहेबांनी तो कागद दोन बोटांत धरला. "ही काय भाषा झाली? कचेरीची काही इभ्रत आहे की नाही?" पहिलं पत्रक चुकलं हे ते मानायलाच तयार नव्हते. अहवालात लिहिलं गेलं, 'स्थानिकांचे आकलन अपुरे.'

मी खुळा. रविवारी पुण्याला गेलो आणि दोन्ही पत्रकं सरांपुढे ठेवली. वाटलं, शैली शिकवणारा माणूस, याला तरी फरक कळेल. त्यांनी पहिलं वाचून मान डोलावली. दुसऱ्यावर लाल शाईने 'भांडं'चं 'भांडे' असं शुद्ध केलं आणि समासात लिहिलं, 'ग्राम्यता दोष.'

"सर, पहिलं वाचून पीक गेलं," मी म्हणालो.

"तो वाचकाचा दोष," सर म्हणाले. "रचना निर्दोष आहे."

दोषांच्या त्यांच्याच यादीत क्लिष्टता हाही एक दोष होता. त्यांनी तो आम्हाला दोन तास उतरवून दिला होता. मी त्याची आठवण करून दिली नाही. मला त्या माणसाची कीव यायला हवी होती, पण आली ती किळस. आणि आपण चार वर्षं याच्या शाबासकीसाठी झुरलो, याची त्याहून जास्त.

परत आल्यावर मी दुसरं पत्रक हाताने उतरवायला लागलो. इंदापूरच्या बाजाराच्या दिवशी वाटून यायचो. साहेबांना कळलं. त्यांनी लेखी खुलासा मागितला. मी लिहिलं, 'पहिलं कुणाला कळलं नाही, म्हणून दुसरं वाटलं.' भाषा पुरेशी विनम्र नाही म्हणून खुलासा परत आला. मी तो सुधारला नाही. पुढच्या महिन्यात कचेरीला माझी गरज उरली नव्हती, आणि पहिलं पत्रक, ऐकतो ते असं, कुठल्याशा प्रदर्शनात भिंतीवर लागलं होतं.

त्या बाईंनी आभाराचा निरोप पाठवला नाही; का पाठवावा? पुढच्या हंगामात एस.टी.च्या कंडक्टरबरोबर जळोचीला माझ्याच अक्षरातला कागद आला. पाठीमागे पेन्सिलीने, मोठ्या, सुट्या अक्षरांत एक ओळ होती: 'ढवळायचं किती ते लिवलं न्हाय.'

मला माहीत नव्हतं. मी ते औषध कधी कालवलंच नव्हतं. आईला म्हणालो, "तीन मडकी दे." ती म्हणाली, "कशाला?" मी सांगितलं. तिने पदर खोचला, मडकी काढली आणि आम्ही दोघं विहिरीकडे गेलो.